पृथ्वीगोल ‘ऐच्छिक’ ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांसाठी नकाशे, नकाशासंग्रह आणि पृथ्वीगोल निवडणाऱ्या समित्यांचे सदस्य,
तसेच हे साहित्य छापणारे प्रकाशक

सप्रेम नमस्कार.

वर्गात लागणाऱ्या साहित्याची नवी यादी हातात आली आणि सवयीप्रमाणे मी आधी भूगोलाचं पान काढलं. जुन्या यादीत ‘पृथ्वीगोल, प्रत्येक वर्गाला एक’ अशी ओळ होती. आता ती पानाच्या तळाशी गेली आहे आणि तिच्यापुढे ‘ऐच्छिक’ असा शब्द आला आहे. कारणही दिलं आहे : गोल जागा अडवतो आणि पडद्यावर पृथ्वी फिरवून दाखवता येते. भिंतीवरचा जगाचा नकाशा मात्र सक्तीचा. तो मोठा हवा, रंगीत हवा, लॅमिनेशन केलेला हवा, वरची-खालची दांडी लाकडी की प्लॅस्टिकची हेसुद्धा लिहिलं आहे. नकाशा कोणत्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या कोणत्या पद्धतीने, काढलेला हवा, याबद्दल चकार शब्द नाही.

सत्तावीस वर्षं मी भूगोल शिकवते आहे. या काळात याद्या आल्या, गेल्या. जे साहित्य मिळालं त्यात भागवलं. पत्र वगैरे लिहायच्या भानगडीत पडले नाही. या वेळी गप्प बसवत नाही, कारण या एका पानावरून मुलांच्या डोक्यात पृथ्वीचं जे चित्र बसेल ते पुढे पुसायला फार जड जातं. मी रोज तेच पुसत असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे हे पत्र भलत्या खणात टाकलं जाणार नाही. सपाट नकाशा खोटा असतो, तो फाडून टाका, असं माझं म्हणणं नाही. गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता, न आक्रसता सपाट करता येत नाही, हे जर्मन गणिती गाउसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. तेव्हा जगाचा कोणताही सपाट नकाशा काहीतरी सोडणारच. क्षेत्रफळ राखलं तर आकार बिघडतो, आकार राखला तर क्षेत्रफळ फुगतं. दोन्ही थोडंथोडं सांभाळलं तर दोन्ही थोडंथोडं चुकतं. ही नकाशा काढणाऱ्याची लबाडी नाही, भूमितीची अट आहे. माझी तक्रार आहे ती काय सोडलं हे न सांगण्याबद्दल. आणि ज्या एका वस्तूवर मुलांना ते स्वतःच्या हातांनी पडताळून पाहता येतं, तीच वस्तू वर्गाबाहेर काढण्याबद्दल.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली तक्रार प्रक्षेपणाच्या नावाची. आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर प्रकाशकाचं नाव आहे, आवृत्ती आहे, सूची आहे, कोपऱ्यात सगळ्या देशांचे ध्वजही आहेत. प्रक्षेपणाचं नाव नाही. अक्षवृत्त-रेखावृत्तांची जाळी पाहिली की कळतं, मर्केटर प्रक्षेपण आहे : रेखावृत्तं एकमेकांना समांतर उभी आणि अक्षवृत्तांमधलं अंतर वरखाली वाढत गेलेलं. मला कळतं, अकरा वर्षांच्या मुलाला कसं कळणार?

गेल्या वर्षी एका मुलीने सरळ विचारलं, “बाई, ग्रीनलँड एवढं मोठं आहे तर त्याला खंड का म्हणत नाहीत?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला ट्रेसिंग पेपर दिला. तिने नकाशावरचं ग्रीनलँड उतरवून घेतलं, कापलं आणि आफ्रिकेवर ठेवलं. उंचीला ते आफ्रिकेच्या बाहेर आलं. मग कपाटावरचा तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल खाली काढला आणि त्यावर तीच कृती पुन्हा केली. गोलावरचं ग्रीनलँड उत्तर-दक्षिण जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर भरलं, आफ्रिका एकोणिसाच्या आसपास. तो कागदाचा तुकडा तिने सहारावर ठेवला, मग काँगोवर, मग खाली दक्षिणेला. दर वेळी कडेने पेन्सिल फिरवत गेली. मी तिला मध्येच थांबवून सांगितलं की तुकडा साधारण चौदा वेळा बसेल : ग्रीनलँड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३०४ लाख. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, मोजत राहिली. ते मला फार आवडलं.

एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं क्षेत्रफळ (सुमारे २३.४ लाख चौरस किलोमीटर) ग्रीनलँडपेक्षा जास्त आहे. मादागास्कर आणि ग्रेट ब्रिटन ही बेटं आमच्या नकाशावर जुळ्या भावंडांसारखी दिसतात. प्रत्यक्षात मादागास्कर अडीच पटींहून मोठं आहे. अलास्का ब्राझीलच्या बरोबरीचं वाटतं, आणि ब्राझील त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. या नकाशाकडे मूल सहा-सात वर्षं रोज पाहतं. शब्दात काहीही शिकवा, डोळ्यांनी जे पाठ केलंय तेच शेवटी उरतं.

यात बिचाऱ्या मर्केटरला दोष देण्यात अर्थ नाही. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये अठरा कागदांवर तो नकाशा छापला तेव्हा तो खलाशांच्या उपयोगासाठी आहे, असं लांबलचक शीर्षकातच सांगून टाकलं होतं. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असेल तर त्या नकाशावर सरळ रेघ मारायची आणि तिचा कोन मोजायचा. समुद्रात हरवण्याची भीती असलेल्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं? ही सोय मिळवण्यासाठी रेखावृत्तं समांतर केली, म्हणजे ध्रुवाकडे जाताना पूर्व-पश्चिम ताण आला. मग कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढाच ताण दिला. साठ अंश अक्षवृत्तावर हा ताण दोन्हीकडून दुप्पट होतो, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. पंचाहत्तर अंशांवर जवळजवळ पंधरापट. ध्रुव तर त्या नकाशावर येऊच शकत नाही, तो अनंतावर जातो. आणि गंमत अशी की हाच मर्केटर पृथ्वीगोलही बनवत असे. १५४१ च्या त्याच्या गोलावर त्याने खलाशांच्या दिशारेषा आखलेल्या आहेत; गोलावर त्या ध्रुवाकडे वळसे घेत जातात. त्याच रेषा सपाट कागदावर सरळ व्हाव्यात म्हणून त्याने पुढे नकाशा काढला. म्हणजे त्याच्याकडे दोन्ही वस्तू होत्या आणि कोणती कशासाठी हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या यादीने त्याच्या हातातली एक वस्तू काढून घेतली आहे आणि दुसरीवरचं शीर्षक खोडलं आहे.

दुसरी तक्रार प्रमाणाची. ही मला जास्त छळते, कारण इथे मुलांचे गुण जातात.

आमचा नकाशा दोन मीटर रुंद आहे. खाली रेषाप्रमाण छापलं आहे : एक सेंटिमीटर म्हणजे दोनशे किलोमीटर. कुठे? ते लिहिलेलं नाही. फक्त विषुववृत्तावर, हे त्याचं उत्तर. घटक चाचणीत मी एकदा अंतरं मोजायला दिली होती आणि माझ्याच बेसावधपणामुळे त्यात ऑस्लो ते सेंट पीटर्सबर्ग ही जोडी आली. दोन्ही शहरं जवळपास साठ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहेत. एका मुलाने पट्टी लावली, अकरा सेंटिमीटर भरले, दोनशेने गुणलं, उत्तर लिहिलं २,२०० किलोमीटर. रीत बरोबर, गुणाकार बरोबर, एकक लिहिलेलं. खरं अंतर सुमारे १,१०० किलोमीटर. बरोबर दुप्पट चूक. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि प्रश्न रद्द केला. मात्र हीच पट्टी लावून हेच उत्तर कुणी दुसऱ्या एखाद्या परीक्षेत लिहिलं तर त्याला शून्य मिळेल, आणि आपण कुठे चुकलो हे त्याला जन्मात कळणार नाही. जगाच्या नकाशाखाली एकच रेषाप्रमाण छापणं म्हणजे मोजपट्टी रबराची आहे हे न सांगता ती मुलाच्या हातात देणं.

तिसरी तक्रार विषयानुसार काढलेल्या नकाशांची : लोकसंख्या, वनं, पाऊस, शेती. हे नकाशे पाहायचेच ते किती जागेवर काय आहे हे कळावं म्हणून. त्यांना क्षेत्रफळ राखणारं, म्हणजे समक्षेत्र प्रक्षेपणच हवं. इथे मतभेदाला जागा नाही. तरीही माझ्याकडच्या एका नकाशासंग्रहात लोकसंख्येच्या घनतेचा ठिपक्यांचा नकाशा मर्केटरवर आहे. साठ अंशांवर जमीन चौपट पसरली की तिच्यावरचे तेवढेच ठिपके चौपट विरळ होतात. उत्तरेकडचे देश ओसाड, विषुववृत्ताजवळचे देश खच्चून भरलेले, असा समज त्या पानातून होतो. त्यातला काही भाग खरा आहे आणि काही भाग निव्वळ प्रक्षेपणाचा. पानावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. समक्षेत्र नकाशा हा काही कालपरवाचा शोध नव्हे, की तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला म्हणावं. लॅम्बर्टने असं प्रक्षेपण १७७२ मध्ये मांडलं, मोलवाइडने १८०५ मध्ये.

चौथी, कडांची. ज्या रेघेवर नकाशा कापला जातो तिथे जग संपतं, असं मुलांना वाटतं. बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन छोटी बेटं आहेत, थोरलं आणि धाकटं डायोमीड. थोरलं रशियाचं, धाकटं अमेरिकेचं, मध्ये चारएक किलोमीटर पाणी. आमच्या नकाशावर एक डाव्या काठाला, एक उजव्या काठाला. मध्ये अख्खी भिंत. पॅसिफिक महासागर दोन तुकड्यांत विभागला गेल्यामुळे कुणालाही तो एवढा मोठा वाटत नाही, जरी जगातली सगळी जमीन एकत्र केली तरी तो तिच्यापेक्षा मोठा भरतो. अंटार्क्टिका तर तळाची पांढरी झालर होऊन बसली आहे. काही नकाशांत तीही कापून टाकतात, त्यामुळे विषुववृत्त मध्यावर न राहता बरंच खाली सरकतं आणि दक्षिण गोलार्ध उरलासुरला वाटतो. आर्क्टिक हा चोहीकडून जमिनीने वेढलेला महासागर आहे, कॅनडा आणि रशिया त्याच्या आल्याड-पल्याड समोरासमोर आहेत, हे नकाशाकडे पाहून ओळखणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

आता मुख्य मुद्दा, पृथ्वीगोलाचा.

पडद्यावर पृथ्वी फिरवता येते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी स्वतः ती फिरवते. २०१८ पासून गूगलच्या नकाशातही संगणकावर खूप दूर गेलं की सपाट जगाऐवजी गोल दिसू लागला, याचा मला आनंदच झाला होता. रस्ता शोधायला तिथलं मर्केटर उत्तम आहे, चौकातला काटकोन काटकोनच राहतो. परंतु पडदा सपाट आहे, तेव्हा पडद्यावरची गोल पृथ्वी हेही एक प्रक्षेपणच आहे. मध्यावरचा देश ठीक दिसतो, कडेचा चेपलेला. आणि त्या पृथ्वीवर दोरा ताणता येत नाही.

दोऱ्याचं सांगते. बीजिंग, अंकारा, माद्रिद आणि फिलाडेल्फिया ही चारही शहरं चाळीस अंश उत्तरेच्या आगेमागे आहेत. मुलांना विचारते, बीजिंगहून फिलाडेल्फियाला जवळचा रस्ता कोणता? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेघ अंकाऱ्यावरून, माद्रिदवरून, अटलांटिक ओलांडून सरळ जाते. मग गोलावर दोरा घ्यायचा. अक्षवृत्ताला धरून त्याच वाटेने नेला तर साडेअडतीस सेंटिमीटर लागतो. आता दोन्ही टोकं दोन्ही शहरांवर बोटांनी दाबून धरायची आणि दोरा ताणायचा. तो आपोआप वर सरकतो, सायबेरियावरून थेट उत्तर ध्रुवाजवळ जातो आणि पलीकडे कॅनडातून खाली उतरतो. मोजला तर सव्वीस सेंटिमीटर. म्हणजे सोळा हजारांच्या वर किलोमीटरचा प्रवास अकरा हजारांवर येतो. दोरा सरकतो त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो ऐकायला समितीतल्या कुणीतरी एकदा यावं. विमानं नकाशावर कमानीसारखी वळून का जातात, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही.

दुसरा प्रयोग अंगणातला. गोल स्टँडवरून काढायचा (आमचा निघतो, स्क्रू केव्हाच हरवला आहे) आणि एका रिकाम्या डब्याच्या तोंडावर ठेवायचा. आपण जिथे उभे आहोत ती जागा अगदी माथ्यावर आणायची आणि गोलाचा उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे करायचा. बस. आता हा गोल आणि पायाखालची पृथ्वी एकमेकांना समांतर आहेत, तेव्हा ऊन पृथ्वीवर जसं पडतं अगदी तसंच गोलावर पडतं. सावलीची कड जिथून जाते तिथे या क्षणी सूर्य उगवतो किंवा मावळतो आहे. जूनमध्ये केलं तर उत्तर ध्रुव उजेडात असतो, गोल अक्षाभोवती कितीही फिरवला तरी उजेडातच. डिसेंबरमध्ये तोच ध्रुव अंधारात. मेणाचा ठिपका लावून काडेपेटीच्या काडीचे तुकडे उभे केले की कुठे सावली पडत नाही तेही सापडतं. अर्ध्या तासाने परत या, कड सरकलेली असते. हे मी शब्दात सात वेळा शिकवलं तरी जे कळत नाही, ते मुलं डब्याभोवती उकिडवं बसून वीस मिनिटांत एकमेकांना सांगतात.

हे ‘ऐच्छिक’?

गोलातही खोट आहे, ती लपवत नाही. एका वेळी अर्धंच जग दिसतं. तपशील फार मावत नाही : आमच्या गोलावर एका सेंटिमीटरमध्ये सव्वाचारशे किलोमीटर बसतात. एकास दहा लाख या प्रमाणाचा गोल हवा तर तो पावणेतेरा मीटर व्यासाचा होईल. अमेरिकेत मेन राज्यातल्या यारमथ गावी १९९८ मध्ये जवळपास एवढा गोल खरोखरच बांधला, त्यासाठी काचेची इमारतच उभारावी लागली. शिवाय गोलही जन्माने सपाटच असतो. कागदावर दोन्ही टोकांना निमुळत्या फाका छापायच्या, बहुतेक बारा, कापून गोळ्यावर चिकटवायच्या. आमच्या गोलावर दोन फाकांच्या सांध्यात दोन-तीन बेटं कायमची गडप झाली आहेत.

म्हणून प्रकाशकांना एक वेगळं गाऱ्हाणं : ते उठावाचे गोल. तीस सेंटिमीटरच्या गोलावर एव्हरेस्टची खरी उंची ०.२ मिलिमीटर येते, बोटाला लागणारसुद्धा नाही. तुमच्या गोलांवर पर्वत तीन मिलिमीटर वर येतात. तेच खरं मानलं तर हिमालय १२७ किलोमीटर उंच व्हायला हवा. उठाव द्या, मुलांना हात फिरवायला आवडतं. पण ‘उंची चौदापट वाढवून दाखवली आहे’ एवढं तळाशी छापा. तेच पुस्तकातल्या ‘ध्रुवांवर चपटी’ पृथ्वीबद्दल. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय व्यासात फरक आहे सुमारे ४३ किलोमीटरचा, गोलावर एक मिलिमीटर. चित्रात मात्र पृथ्वी हवा गेलेल्या चेंडूसारखी बसकी काढतात.

कुणी म्हणेल, मर्केटर काढा आणि पीटर्सचा नकाशा लावा, प्रश्न मिटला. आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये तो नकाशा मोठा गाजावाजा करून मांडला. तसंच प्रक्षेपण जेम्स गॉल यांनी १८५५ मध्येच सांगितलं होतं. त्यात क्षेत्रफळं बरोबर आहेत, पण विषुववृत्ताजवळचे देश उभे दुप्पट ताणले जातात. आफ्रिका दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबते. बॉस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये तो वर्गात आणला. मर्केटरशेजारी लावून दोन्हींची तुलना करायला चांगला आहे, एकटा लावला तर एका भ्रमाच्या जागी दुसरा. मला विचाराल तर भिंतीसाठी २०१८ चं इक्वल अर्थ प्रक्षेपण पाहा : क्षेत्रफळ अचूक, आकार डोळ्यांना सुसह्य, कडा गोलाकार, त्यामुळे पृथ्वी चौकोनी नाही एवढं तरी लगेच कळतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर सोडून याच्याकडे वळावं अशा मोहिमेला पाठिंबा दिला. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या सात भूगोल व नकाशाशास्त्र संघटनांनी सर्वसाधारण वापरासाठी आयताकृती जगाचे नकाशे नकोत असा ठराव केला होता. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही आहे. क्षेत्रफळाचा हट्ट नसेल तर विंकेल ट्रिपेल हे सगळंच थोडंथोडं सांभाळणारं प्रक्षेपणही चालेल; तेही १९२१ पासून आहे.

माझ्या मागण्या अशा :

पृथ्वीगोलापुढचा ‘ऐच्छिक’ हा शब्द काढावा. गोल किमान तीस सेंटिमीटरचा, स्टँडवरून सहज काढता येणारा आणि मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवायचा, असं यादीत लिहावं. काचेच्या कपाटात कुलूपबंद गोल दिला काय नि न दिला काय, सारखंच.

जगाच्या प्रत्येक नकाशावर प्रक्षेपणाचं नाव आणि त्याने काय राखलं, काय सोडलं हे दोन ओळींत छापावं. नमुना देते : ‘मर्केटर प्रक्षेपण. कोन अचूक. अंतर व क्षेत्रफळ विषुववृत्तापासून दूर जाताना फुगलेले. ६०° अक्षवृत्तावर क्षेत्रफळ चौपट.’ ध्वजांची एक रांग कमी केली की एवढी जागा निघते.

लोकसंख्या, वनं, पीकं, पाऊस यांचे जगाचे नकाशे समक्षेत्र प्रक्षेपणावरच असावेत. भिंतीवरच्या सर्वसाधारण नकाशासाठी मर्केटर नको.

जगाच्या नकाशाखालचं एकच रेषाप्रमाण काढावं, किंवा ते कोणत्या अक्षवृत्तावर लागू आहे ते सांगावं. जगाच्या नकाशावर पट्टीने अंतर मोजायचे प्रश्न परीक्षेत विचारू नयेत. अंतरं गोलावर दोऱ्याने मोजू द्यावीत.

नकाशासंग्रहात एक पान तिसोच्या वर्तुळांना द्यावं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती तिसोने सुचवलेली ही युक्ती फार सोपी आहे : गोलावर सगळीकडे सारख्याच आकाराची लहान वर्तुळं आहेत असं धरायचं आणि प्रत्येक प्रक्षेपणात त्यांचं काय होतं ते दाखवायचं. मर्केटरमध्ये ती ध्रुवाकडे फुगत जातात, गॉल-पीटर्समध्ये लंबगोल होतात. सूत्र लागत नाही, चौथीतलं मूलही पाहून सांगेल. त्याच पानावर दोन्ही ध्रुवांचे ध्रुवावरून पाहिलेले नकाशे आणि पॅसिफिक अखंड ठेवणारा एक नकाशा द्यावा.

यादीवर सूचना पाठवायला शेवटच्या पानावर मुदत दिली आहे. हे पत्र त्या मुदतीतच समितीकडेही पाठवलं आहे. ‘नोंद घेतली’ एवढं उत्तर नको. कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही, आणि नसेल तर का, हे एकेका मागणीसमोर लिहून कळवावं. प्रयोग बघायला यायचं असेल तर ऊन असलेला कुठलाही दिवस चालेल. गोल आणि दोरा माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एक भूगोल शिक्षिका